आज वाचन, सही उद्या

कुमुदताई, गेल्या मंगळवारी सकाळी, कोर्टाला निघण्याच्या तयारीत असताना तुम्ही गेलात. कारण हृदयविकाराचा झटका. त्या दिवशी तुम्ही वकील असलेली प्रकरणं तहकूब झाली. दुपारी वकील मंडळी उभी राहिली, शांतता पाळली गेली आणि कामकाज पुन्हा सुरू झालं.

निधनाची बातमी मीच लिहिली. ती कशी लिहायची ते ठरलेलं असतं. गाव, शिक्षण, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे. ते सगळं तिथे आलं आहे, इथे पुन्हा घेत नाही. इथे जे घेतो आहे ते बातमीत बसलं नाही आणि शुक्रवारच्या शोकसभेतही कुणी बोललं नाही.

शोकसभा व्यापाऱ्यांच्या सभागृहात झाली. गर्दी चांगली होती. तुमचा काळ्या कोटातला फोटो होता, त्यावर हार होता. गोवर्धनशेठ बोलले. मोंढ्यातले, म्हणजे आमच्या धान्यबाजारातले, जुने डाळमिलवाले. तुमच्या वकिलीच्या खोलीच्या जिन्यासमोरच त्यांचं दुकान. ते म्हणाले, "बाईनं आख्ख्या हयातीत कुणाला दुखावलं न्हाई. बिलकुल न्हाई." लोकांनी माना डोलावल्या.

हे खोटं आहे. तुम्ही पुष्कळ लोकांना दुखावलं. त्यातले बरेच पुढच्या रांगेत बसले होते. गोवर्धनशेठना तर तुम्ही त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच गादीवर बसून दुखावलं होतं, आणि तेव्हा मी तिथे हजर होतो. माणूस गेला की लोक त्याला घासून गुळगुळीत करून घेतात. तुमचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी हा मजकूर.

तुमची खोली नव्या मोंढ्यात, भुसार दुकानाच्या वर. बाहेरून लोखंडी जिना. डाळीचा पिवळा भुगा खिडकीच्या गजांवर, फायलींवर, कोटाच्या खांद्यावर. जालना जिल्हा झाला त्या सुमारास तुम्ही तिथे बसायला लागलात. बाईमाणूस वकील म्हणजे पोटगी आणि फारकत, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तुम्ही पाटीवर कुमुद वाटूरकर या नावाखाली लिहून घेतलं: भागीदारी, भाडेकरार, कारखान्यांची कामे. मोठ्या कारखान्यांचे वकील औरंगाबादला आणि मुंबईला होते. तुमच्याकडे आले ते लहान. वेल्डिंगवाले, बियाणांचे दुकानदार, परतूरच्या जिनिंगमध्ये भागीदारीची पाती असलेले शेतकरी, बदनापूरहून सकाळच्या गाडीने येणारा तेलघाण्याचा मालक. हे लोक वकिलाकडे भांडण झाल्यावर येत. तुमचं म्हणणं एवढंच होतं की भांडणाच्या आधी या.

आणि आधी येणारा प्रत्येक जण मुहूर्त घेऊन यायचा.

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्याकडे धंद्याचा करार दसऱ्याला किंवा पाडव्याला होतो. स्टॅम्पपेपर आणतात, पाटावर ठेवतात, हळदकुंकू वाहतात, मधोमध स्वस्तिक काढतात. मुहूर्त लागला की दोन्ही बाजू खाली सह्या करतात. कागद तेव्हा कोरा असतो. मजकूर नंतर, सवडीने, कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून लिहून घ्यायचा. सही शुभ वेळेला झाली, मग शब्द कधीही येऊ देत. याला मुहूर्ताची सही म्हणतात. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. हेही खरं आहे, आणि मोंढ्याची सगळी बाजू याच एका वाक्यावर उभी होती.

तुम्ही ही सही करून देत नव्हता. दसऱ्याला बाकी सगळ्या वकिलांची दारं बंद असत. तुमचं उघडं असे. जिन्याच्या पायथ्याशी तुम्ही एक पाटी टेकवून ठेवत होता, खडूने लिहिलेली: "आज वाचन. सही उद्या." वर गेलेल्या माणसाला तुम्ही मजकूर तयार करून, मोठ्यांदा वाचून दाखवत होता. तो एकटा चालत नसे. बायको, आई, धाकटा भाऊ, ज्यांचं त्या धंद्यावर पोट आहे ती सगळी खोलीत बसली पाहिजेत. कुणाला वाक्य कळलं नाही तर त्याने फक्त "थांबा" म्हणायचं. कारण विचारायचं नाही. ते वाक्य तुम्ही खोडत होता आणि दुसरं लिहीत होता.

एका वाचनाला मी कोपऱ्यात बसलो होतो. बियाणांच्या दुकानाची भागीदारी. एका भागीदाराची म्हातारी आजी भिंतीला टेकून डुलक्या घेत होती असं सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही "उपरोक्त इसम" असं वाचलं आणि तिने डोळे न उघडता म्हटलं, "थांबा."

"काय झालं, आजी?"

"उपरोक्त कोण हाय?"

"वर ज्याचं नाव आलंय तो. तुमचा रंगनाथ."

"मंग रंगनाथ म्हण ना माय. त्याच्या बारशाला मी घुगऱ्या वाटल्या, आन तू त्याला उपरोक्त करून राह्यली."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही "उपरोक्त इसम" खोडून रंगनाथ लिहिलंत आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलंत.

मोंढ्यात तुम्हाला मुहूर्तमोडी म्हणायचे. तुमच्या कानावर ते होतं. मी एकदा विचारलं, तुम्हाला वाईट वाटत नाही? तुम्ही म्हणालात, "चांगलं नाव हाय. वाटूरकर आडनावाच्या वाटूरमध्ये दहा बाया सापडतील, मुहूर्तमोडी मी एकलीच." बऱ्याच दसऱ्यांना तो जिना कुणीही चढत नसे. तुम्ही दिवसभर दार उघडं ठेवून बसत होता, आणि संध्याकाळी पाटी पुसून, आपट्याची पानं घेऊन माझ्या कचेरीत येत होता. "काय पत्रकार, आज कुणाचं वाटोळं छापलं?"

विठ्ठलराव शेजूळ तुमच्याकडे उशिरा आले. ते भोकरदन रस्त्याला एका भाड्याच्या शेडमध्ये पेरणीयंत्रं आणि कोळपी करत. लोखंड कातायचा लेथ त्यांचा, वेल्डिंगचा संच त्यांचा, यंत्राचा आराखडा त्यांचा. त्यांच्या पेरणीयंत्राचा फाळ काळ्या रानात अडकत नसे, म्हणून अंबडपासूनचे लोक येत. शेड दुसऱ्याची होती. शेडमालकाबरोबर भाड्याचा करार झाला तो दसऱ्याला. कोऱ्या कागदावर, मुहूर्ताची सही. पाटावर कागद ठेवला, विठ्ठलरावांच्या पत्नी इंदुबाईंनी कुंकवाने स्वस्तिक काढलं, सह्या झाल्या, पेढे वाटले गेले.

पुढे धंदा वाढला तेव्हा शेडमालकाकडून तो कागद लिहून आला. त्यात भाड्याचा शब्द नव्हता. शेड, लेथ आणि सगळी यंत्रसामग्री शेडमालकाची असून विठ्ठल शेजूळ तिथे मजुरीवर काम करतात, असं त्यात होतं. खाली विठ्ठलरावांची सही होती. ती त्यांचीच होती.

तेव्हा ते जिना चढून आले. तुमच्या खोलीतलं त्या दिवशीचं बोलणं मला विठ्ठलरावांनी सांगितलं.

"आधी का न्हाई आलात?"

"आल्तो की बाई. जिन्यापाशी आल्तो. पाटी वाचली."

"मंग?"

"मंग काय. सही उद्या म्हणल्यावर परत गेलो. मुहूर्त दुपारचा होता."

तुम्ही त्यांना रागावला नाहीत. तुम्ही विचारलंत, "लेथ कुणाचा?" ते म्हणाले, "माझा." तुम्ही म्हणालात, "मंग कागदापाशी न्हाई, लेथपाशी चला." आणि तुम्ही कोट घालून, स्कूटरवर मागे बसून शेडवर गेलात. लेथ जुना, रोखीने घेतलेला निघाला; त्याची पावती नव्हती.

पुढची वर्षं या एकाच प्रश्नावर गेली. विठ्ठलराव स्वतःच्या कारखान्याचे मालक आहेत की त्याच कारखान्यातले मजूर? शेडमालकाने ताबा मागितला. तुम्ही बचाव घेतला की सही झाली तेव्हा कागद कोरा होता. समोरचं उत्तर सोपं होतं: कोऱ्या कागदावर शहाणा माणूस सही करतो का?

इथे तुमचं सगळं अडलं. जालन्यात धंदा करणारा प्रत्येक शहाणा माणूस कोऱ्या कागदावर सही करतो, हे कोर्टात कुणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं. हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस मोंढ्यात नव्हता. सांगणारा एकही मिळाला नाही.

तुम्ही दुकानोदुकानी गेलात. गोवर्धनशेठकडे गेलात तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी चहा मागवला. तुम्ही त्यांच्या गादीवर, त्यांच्या शेजारी बसलात, त्यामुळे ते सरकून भिंतीला टेकले.

"शेठ, गेल्या पाडव्याला तुम्ही किती कोऱ्या कागदांवर सह्या केल्या?"

"बाई, तुम्ही सगळं जाणता."

"जाणते. मला न्हाई सांगायचं, कोर्टाला सांगायचं."

शेठ हसले. "खरं हाय तुमचं. बराबर हाय. पण मी तिथं उभं राहून हे म्हणलो, तर माझ्या तिजोरीतले सगळे कागद उठून बसतील."

"उठूनच बसलेत ते. तुम्ही झोपलेत."

चहा आला तोवर तुम्ही उठला होता. शेठचं तोंड लाल झालं होतं. आपण जिना चढलो तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "ह्यातलं काही छापायचं न्हाई." तो आपला सगळ्यात मोठा वाद. तो मिटलेला नाही, म्हणून इथे पुन्हा मांडतो.

माझी बाजू अशी होती. शेडमालकाचं नाव छापावं, मोंढ्यातली ही रीत छापावी, म्हणजे कुणाला तरी लाज वाटेल आणि एखादा साक्षीदार पुढे येईल. बातमी मी लिहून आणली होती. तुम्ही म्हणालात, "वाचा." मी कागद पुढे केला. "मला नका देऊ. तुम्ही वाचा. मोठ्यांदा." मी वाचायला लागलो. पहिल्याच वाक्याला तुम्ही म्हणालात, "थांबा. फसवणूक झाली असं कुणी ठरवलं?" मी म्हटलं, तुम्हीच म्हणता. "मी वकील हाय. मी म्हणणारच. तुम्ही कोण हाय?"

त्या दिवसापासून मी प्रत्येक बातमी छापायला जाण्याआधी मोठ्यांदा वाचतो. कचेरीत यावरून थट्टा होते. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले, ते मानतो.

पण बातमी अडवण्याबद्दल नाही. तुमचं म्हणणं होतं की नाव छापून आलं की तो माणूस भांडायलाच उभा राहतो, त्याला परत फिरायला वाट राहत नाही. मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो: त्याला वाट तुम्ही ठेवलीत, तो त्या वाटेने आला नाही. रीत छापली असती तर पुढचा एखादा विठ्ठलराव जिन्यावरून परत फिरला नसता. यावर तुमचं काहीतरी उत्तर असणार. ते मला मिळणार नाही. शेडमालकाचं नाव मी आजही लिहिलेलं नाही. अपील प्रलंबित आहे, हे त्याचं कारण आहे. तुमचं कारण मला मान्य नाही.

साक्षीदार म्हणून शेवटी इंदुबाई उभ्या राहिल्या. समोरच्या वकिलांनी विचारलं, सही झाली तेव्हा कागदावर काय लिहिलेलं होतं?

"काहीच न्हाई."

"तुम्ही नीट पाहिलं होतं?"

"मधोमध स्वस्तिक काढलं मी. लिहिलेलं असतं तर त्याच्यावर कुंकू कशाला फासलं असतं, साहेब? लिहिल्याल्या कागदाला आम्ही कोपऱ्यात बोट टेकवतो."

वकिलांनी विचारलं, नवऱ्याचा कारखाना जाईल म्हणून तुम्ही असं सांगता ना? त्या म्हणाल्या, "जाईल म्हणूनच आले. न्हाईतर मी कशाला येते हितं?" तुम्ही खाली मान घालून कागद चाळत होता. तुम्ही हसत होता की नाही, हे मला मागच्या बाकावरून दिसलं नाही.

निकाल विरुद्ध गेला. सही मान्य आहे, म्हणून मजकुराची जबाबदारी सही करणाऱ्यावर. पत्नीची साक्ष हितसंबंधी. व्यापारातल्या कथित प्रथेचा स्वतंत्र पुरावा नाही. मी निकालाचा तो भाग तिथेच उतरवून घेतला. शेवटचं वाक्य खरं होतं. पुरावा नव्हता. पुरावा समोरच्या दुकानात गादीवर बसलेला होता.

त्या दिवशी मोंढ्यातून जाताना एकाने तुम्हाला ऐकू जाईल असं म्हटलं, "मुहूर्त मोडला न् केसबी मोडली." तुम्ही थांबलात. त्याच्या दुकानात गेलात. त्याला म्हणालात, "अपील करून राह्यले. साक्षीला येता का?" त्याने गल्ला उघडून नोटा मोजायला घेतल्या. तुम्ही खोलीत गेलात आणि अपिलाचा मसुदा लिहायला घेतलात. जिल्हा न्यायालयाने अपील दाखल करून घेतलं आणि निकालाला स्थगिती दिली. शेड चालू राहिली. गेल्या मंगळवारी तुम्ही गेलात तेव्हाही स्थिती हीच होती.

आपला दुसरा वाद लहान होता, पण या आठवड्यात तोच जास्त आठवला. निकालानंतर लगेचची गोष्ट. मी म्हटलं होतं, तुम्ही फार ताणता. मुहूर्ताची सही करून द्यायची आणि नंतर मजकूर तुम्हीच प्रामाणिकपणे लिहायचा. विठ्ठलराव जिन्यावरून परत गेले नसते, कागद तुमच्या हातात राहिला असता, आणि हे सगळं घडलंच नसतं. मला हा बिनतोड मुद्दा वाटत होता.

तुम्ही कपाटातून फडकं काढून टेबलावरचा भुगा पुसत होता. म्हणालात, "बराबर हाय. बिलकुल झालं नसतं."

"मग?"

"मंग ते माझ्यावर भरवसा ठेवतील. कागद वाचणार न्हाईत. कुमुदबाई हाय, बघून घेईल." फडकं झटकलंत. "आन मी मेले मंग?"

मी म्हटलं, तुमच्यानंतर दुसरा कुणी चांगला वकील येईल. तुम्ही म्हणालात, "चांगल्या वकिलावर चालणारा धंदा मला उभा करायचा न्हाई, पत्रकार. त्यांना थांबा म्हणता आलं पाह्यजे. ते न्हाई आलं तर माझी सगळी वकिली पाण्यात." आणि मग, "विठ्ठलराव आजवर एकदाबी थांबा म्हणले न्हाईत. तुमच्या ध्यानात आलं का? दुसऱ्याच्या वाचनाला येऊन बसतात, कोपऱ्यात. ऐकतात. मान हलवतात. कळलं न्हाई तरी हलवतात. मला दिसतं की."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नंतर पाहिलं तेव्हा दिसलं. विठ्ठलराव पुढच्या प्रत्येक वाचनाला आले. दाराजवळ, चपला जिथे काढतात तिथे बसायचे. एकदा तुम्ही मुद्दाम एक लांबलचक, कुणालाच कळणार नाही असं वाक्य त्यांच्याकडे पाहत वाचलंत. ते कासावीस झाले. ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली. तुम्ही ते वाक्य स्वतःच खोडलंत आणि पान उलटलंत. तुमच्या चेहऱ्यावर मी राग पाहिला आहे, थट्टा पाहिली आहे. त्या दिवशी जे होतं त्याला मला शब्द नाही, म्हणून लिहीत नाही.

शुक्रवारी शोकसभेत विठ्ठलराव शेवटच्या रांगेत होते. गोवर्धनशेठचं भाषण चालू असताना इंदुबाई उठून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेलो. त्या सभागृहाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या.

"काय झालं?"

"ते शेठ म्हणून राह्यलेत, कुणाला दुखावलं न्हाई. आन आम्हाला काय कमी बोलल्या का ताई?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "निकाल गेला त्या दिवशी मी रडून राह्यल्ते. मला म्हणल्या, इंदू, रडायचं तर घरी जाऊन रड, हितं वाचायचं काम हाय. असं बोलतं का कुणी?" आणि मग त्या रडल्या.

विठ्ठलराव बाहेर आले. मी विचारलं, पुढची तारीख? ते म्हणाले, दिवाळीनंतर. दुसरा वकील बघायचा आहे. "माणूस आल्ता शेडमालकाचा, काल. म्हणला, बाई गेल्या, आता कशाला भांडता? तडजोड करू. दसऱ्याला येतो म्हणला." मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? "काही न्हाई म्हणलो," ते म्हणाले. म्हणजे मान हलवली असणार.

तुम्हाला सांगतो, मला त्या रात्री भीती वाटली. तुमच्या वकिलीत पहिल्यांदाच मी तुमच्या बाजूने पैज लावली नसती. ज्या माणसाने एकदा जिन्यावरून पाठ फिरवली, ज्याच्या तोंडून इतक्या वर्षांत तो एक शब्द निघाला नाही, त्याच्यासमोर सणाच्या दिवशी, गोड बोलत, कोणी कागद धरणार होतं, आणि जिन्यावरच्या खोलीत तुम्ही नव्हता. शेड गेली असती तर गोवर्धनशेठचं भाषण खरं ठरलं असतं. कुणाला न दुखावणाऱ्या, प्रेमळ, आता गेलेल्या आणि मागे काही न ठेवलेल्या कुमुदबाई.

काल दसरा झाला. सकाळी मी नव्या मोंढ्यात गेलो. तुमचा जिना बंद होता, पायथ्याशी पाटी नव्हती. दुकानांतून पाट मांडलेले होते. गोवर्धनशेठच्या दुकानातही पाट होता, त्यावर कागद होता. कागद कोरा होता की लिहिलेला, हे रस्त्यावरून दिसत नव्हतं. म्हणून मी पायरी चढून आत गेलो. कोरा होता. शेठनी मला आपट्याचं पान दिलं. मी ते घेतलं आणि विचारलं, "शेठ, ह्यावर काय लिहिणार आहात?" ते म्हणाले, "तुम्हालाबी बाईची हवा लागली." मी म्हटलं, लागली. ही रीत मी आता छापतो आहे, ताई. इथे, या मजकुरात. तुमची परवानगी घेतलेली नाही.

दुपारी भोकरदन रस्त्यावरच्या शेडमध्ये जे झालं तेव्हा मी तिथे नव्हतो. पुढचं मी विठ्ठलरावांना, इंदुबाईंना आणि लेथवर काम करणाऱ्या युनूसभाईंना वेगवेगळं विचारून लिहितो आहे. तिघांचं सांगणं जुळतं.

लेथची पूजा झाली होती. झेंडूची माळ घातलेली होती. शेडमालकाचा माणूस पेढ्यांचा पुडा आणि स्टॅम्पपेपर घेऊन आला. तो म्हणाला, सणाच्या दिवशी गोड करू. शेडमालकांचंही तेच म्हणणं आहे. बाई असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. त्याने कागद पाटावर ठेवला आणि इंदुबाईंना म्हणाला, "वहिनी, स्वस्तिक काढा. मुहूर्त लागून राह्यला."

इंदुबाईंनी कुंकवाची वाटी उचलली. ती लेथच्या पलीकडे नेऊन ठेवली. मग त्या नवऱ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

त्या माणसाने पेन काढून विठ्ठलरावांच्या हातात दिलं. विठ्ठलरावांनी ते घेतलं. युनूसभाई म्हणतात, त्यांनी टोपणही काढलं. कागदावर वाकले. मग ते तसेच वाकलेले राहिले.

"थांबा," विठ्ठलराव म्हणाले.

"काय झालं?"

"वाचून दाखवा."

"काय वाचू? अजून लिहिलेलं कुठं हाय? कोरा हाय तो."

"मंग लिहून आणा. हे सगळे हितं बसतील, ऐकतील. पटलं तर सही उद्या."

"अहो, मुहूर्त निघून जाईल!"

"जाऊ द्या."

तो माणूस थोडा वेळ बोलत राहिला. काय बोलला ते तिघांनाही नीट आठवत नाही. विठ्ठलरावांनी पेनाला टोपण लावून ते परत दिलं. युनूसभाईंनी पेढ्यांचा पुडा उचलून त्याच्या पिशवीत ठेवला. कागद पाटावरून त्याने स्वतः उचलला.

त्या कागदावर सही नव्हती आणि कुंकू नव्हतं. हे तिघांनीही सांगितलं.

आज सोमवारी सकाळी मी शेडवर गेलो. दार उघडं होतं. लिहिलेला कागद घेऊन कुणी आलेलं नव्हतं. लेथ चालू होता, माळ बाजूला काढून ठेवलेली होती. विठ्ठलराव लेथवर होते.